तसबिरीच्या काचेवरची बोटं

आमच्या ह्यांना काच दिसली की पुसल्याशिवाय चैन पडत नाही. फोटोवाल्याचा हा रोगच. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्याचा चष्मा मागून घेतील, धोतराच्या सोग्यानं लख्ख पुसून परत देतील आणि मग विचारतील, बुंदी कुणाकडची? आमच्या मुरुम गावात सगळे त्यांना गुरुसिद्धप्पा फोटोवाले म्हणतात. नाव मी इथं कागदावर घेतलं. तोंडानं कधी घेतलं नाही आणि आता घेऊन करायचंय काय. तर ह्या पुसण्यापायी निजामाच्या फसली सन तेराशे त्रेपन्नात, म्हणजे इंग्रजी त्रेचाळीस सालच्या थंडीत, एक निरपराध बाई तुरुंगात जायची होती. मी वेळेवर मनगट धरलं म्हणून निभावलं.

त्या बाईचं नाव म्हाळसाबाई. धनगराची. नवरा मेंढरं घेऊन भीमेकडं उतरलेला, घरी लेक अयोध्या पहिल्या बाळंतपणाला आलेली, तिचे दिवस भरलेले. म्हाळसाबाई भुसार व्यापारी माणिकप्पांच्या घरी झाडलोट, भांडी आणि पाणी बघायची. वीस वर्षं झाली असतील. माणिकप्पांची मुलगी संगम्मा जन्मली तेव्हा तिला पहिली आंघोळ म्हाळसाबाईनंच घातली होती.

ही संगू नवव्या वर्षी मुदतीच्या तापात गेली. त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर ठेवूनच मातीआड करतात. लिंग सोबत जातं, त्याची चांदीची डबी मागं राहते. संगूला माती देऊन माणिकप्पा घरी आले, पाय धुतले आणि ओसरीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं की आजपासून ह्या घरात पोरीचं नाव कुणी घ्यायचं नाही. एवढं बोलून ते दुकानात गेले. त्यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस कुणी पाहिला नाही. त्यांच्या बायकोनं, गौराक्कानंही मग सगळ्यांसमोर रडणं सोडलं. गाव म्हणालं, दगड आहेत दोघं. मीही म्हणाले, माझ्या जिभेला हाड नाही.

संगूचा एकच फोटो होता, तो ह्यांनीच काढलेला. आजारी पडायच्या सहा महिने आधी. छातीवर लिंगाची डबी, केसांत आबोली, आणि हसू आवरत नाही म्हणून ओठ गच्च मिटलेले. माणिकप्पांच्या बैठकीत भिंतीला लाकडी चौकटीचा एक कोनाडा होता, त्यात ती रिकामी डबी असायची आणि कोनाड्याच्या तोंडावर ही तसबीर टांगलेली. डबी काढायची तर तसबीर बाजूला सारावी लागे.

त्या थंडीत गौराक्काच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, आळंदला. माणिकप्पा पोरगी गेल्यापासून कुणाच्या मंगलकार्याला जात नसत, म्हणून गौराक्का एकट्याच गेल्या, आठ दिवसांच्या बोलीवर. त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकप्पांनी आरडाओरडा केला की कोनाड्यातली चांदीची डबी गेली. बैठकीत झाडायला जाणारी बाहेरची बाई एकच. झालं, माणिकप्पांनी चौकीवर फिर्याद दिली.

चौकीचे अमीनसाहेब म्हणजे फौजदार. माणूस वाईट नव्हता. हैदराबादेत सहा महिने राहून बोटांच्या ठशांचं नवं शास्त्र शिकून आलेला, आणि नव्याचे नऊ दिवस चालू होते. कुणाची कोंबडी हरवली तरी हा खुराड्याला काजळीची भुकटी लावून बघायचा. त्यानं म्हाळसाबाईला बसवून विचारलं, डबी घेतलीस का. ती म्हणाली, म्या घेतली न्हाय. मग कुणी घेतली? त्यावर ती गप्प. कुणावर संशय आहे? गप्पच. मग त्यानं तिची दहाही बोटं शाईत बुडवून कागदावर उमटवली. मी तेव्हा तिथं होते, कारण बाईमाणसाचा हात धरायला बाई पाहिजे म्हणून मलाच बोलावलेलं. ती रडली नाही. घरी जाऊन राखेनं हात घासले, शाई निघाली नाही, तेव्हा पदरात हात लपवून बसली. मला तिचा रागच आला. अगं बये, दुसरं काहीतरी बोल की. पण नाही. ह्या बाईच्या पोटातलं काढायचं म्हणजे विहिरीतली घागर काढण्यापेक्षा अवघड.

कोनाड्याच्या खडबडीत लाकडावर ठसे उमटत नाहीत. अमीनसाहेबांची सारी आशा त्या तसबिरीच्या काचेवर होती. पण लढाईमुळं त्यांची हैदराबादची भुकटी संपलेली. ते तसबीर टॉवेलात गुंडाळून आमच्या स्टुडिओत घेऊन आले आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, काचेवर जे असेल ते उतरवून द्या, हैदराबादच्या दफ्तराला पाठवतो, तिथले लोक ताडून सांगतील. आणि एक अट घातली.

"मास्टर, जितनी की उतनी होना. बोट एवढं, तर फोटूतपण एवढंच."

उत्तर यायला दीड महिना तरी लागणार होता. तोवर मुलजीम, म्हणजे म्हाळसाबाई, धाराशिवला कोठडीत राहील, उद्या दुपारी गाडी निघेल, असंही त्यांनी बोलता बोलता सांगितलं. दीड महिना! म्हणजे अयोध्या बाळंत होणार आणि तिची आई जिल्ह्याच्या कोठडीत. पण त्याहून आधी जे व्हायचं ते समोर होतं. ह्यांनी तसबीर उचलली, काच तोंडाजवळ नेली, हा करून वाफ सोडली आणि डाव्या हातानं धोतराचा सोगा वर घेतला.

काचेवर वाफ धरली तशी त्या वाफेत बोटं उमटली. तीन जवळजवळ, आणि खाली एक सुटं, अंगठ्यासारखं. मी झडप घालून ह्यांचं मनगट धरलं.

"पुसाल तर माझी शपथ आहे," मी म्हणाले.

हे माझ्याकडं बघतच राहिले. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, फौजदारासमोर नवऱ्याचा हात धरायची ही पहिली वेळ. तोवर वाफ विरली आणि बोटंही गेली. अमीनसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, गेलं सगळं. मी म्हटलं, कुठं जातंय? काचेला चिकटलंय, दिसत नाही एवढंच. न दिसणारं दिसायला लावायचं, त्याचीच तर आम्ही भाकरी खातो.

अडचण दुसरीच होती. आमच्याकडं काचेची प्लेट एकच उरली होती. प्लेटा सोलापूरहून यायच्या, लढाई लागल्यापासून येणं बंद. ही शेवटची ह्यांनी मठाच्या स्वामींच्या फोटोसाठी जिवापाड जपलेली. चुकली तर दुसरी नाही. हे जरा वेळ पेटीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, स्वामी थांबतील, ही बाई थांबू शकत नाही. माझा नवरा पुसपुश्या आहे, पण असं बोलला की मी त्याची सगळी धोतरं धुवायला तयार असते.

फोटो काचेमागून काढून घेतला. नुसती काच उभी केली आणि तिच्यामागं माझ्या काळ्या चंद्रकळेचा तुकडा ताणून बसवला, कारण काळ्यावरच असलं काही उठतं. स्टुडिओच्या झडपा लावून अंधार केला. एकच झडप उघडी, आणि तिच्यातून येणारं ऊन मी हातातल्या आरशावर घेऊन काचेवर सोडायचं. समोरून सोडलं तर काच नुसती झगमगते. अगदी कडेनं, काचेला घासून जाईल असं सोडावं लागतं. मी आरसा इकडं तिकडं कलता करत होते आणि एका ठिकाणी ती बोटं एकदम उजळली. पांढरीशुभ्र, रेघ न् रेघ. काळ्या अंधारात कुणीतरी हात पुढं केलाय असं वाटलं.

ह्यांनी कॅमेऱ्याचा भाता होता नव्हता तेवढा बाहेर ओढला, म्हणजे बोट जेवढ्यास तेवढं उतरेल. मग लेन्सचं झाकण काढलं. आमच्याकडं घड्याळ नव्हतं असं नाही, पण हे वेळ मोजायचे ते 'ओम नमः शिवाय'वर. त्या दिवशी अठरा वेळा म्हणायचं ठरलं. दहाव्याला माझे हात भरून आले. बाराव्याला मला म्हाळसाबाईचे पदरात लपवलेले काळे हात दिसले आणि आरसा जागचा हलला नाही. अठराव्याला झाकण बसलं.

लाल कंदिलाच्या उजेडात प्लेट धुताना मी शेजारीच उभी होते. आधी काहीच नाही, मग नांगरलेल्या रानासारख्या रेघा वर यायला लागल्या. तीन बोटं ओळीनं. त्यांच्या खाली, जरा बाजूला, अंगठा. हे खूश झाले, पण लगेच च् च् करायला लागले. म्हणाले, अंगठा नामी आलाय, पण तिन्ही बोटं एका बाजूला फरफटलीत. सुरुवात स्वच्छ, शेवट पुसट. आणि एकावर एक किती तरी वेळा उमटलीत. कुणीतरी हात पुसत गेलाय वाटतं.

मी बघत राहिले. तीन बोटं, जोडलेली, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओढलेली. आमच्या घरात रोज सकाळी कोण काय करतं? पूजा झाली की तीन बोटं विभूतीत टेकवायची आणि कपाळावर आडवी ओढायची. मुलगा असो, मुलगी असो, लहान असताना त्याच्या कपाळावर मोठं माणूस ओढतं. लिंगायताच्या पोटी जन्मून, रोज स्वतः ओढून, आम्ही दोघं अर्धा तास त्या खुणेला चोराचा ठसा म्हणत बसलो होतो! काचेमागून फोटो काढून घेतला, काळं फडकं लावलं, आणि तिथंच आमची अक्कल गहाण पडली. ठसा कशावर आहे हे बघायचंच राहून गेलं होतं.

मी म्हणाले, संगूची जुनी प्लेट काढा.

आमचे हे लोकांचे फोटो देतात, पण त्यांच्या काचेच्या प्लेटा टाकत नाहीत. अर्ध्या मुरुमाचे चेहरे आमच्या माळ्यावरच्या पेट्यांत उभे आहेत. संगूची काच सापडली. तसबिरीतला फोटो तिच्यावरूनच, काचेला कागद लावून छापलेला, म्हणजे तोही जेवढ्यास तेवढा. ह्यांनी एक काच हातात घेतली, मी तिच्यावर दुसरी, बोटांची, अलगद ठेवली, चौकटीचे कोपरे जुळवले आणि खिडकीपाशी उजेडाला धरलं.

तीन बोटं बरोबर संगूच्या कपाळावर पडली. अंगठा तिच्या छातीवरच्या डबीवर.

मला रडू फुटलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग हे हळूच म्हणाले की चोर तसबीर सरकवतो तेव्हा चौकट धरतो, कडेला धरतो; पोरीच्या कपाळाला कशाला हात लावील. मी म्हटलं, हे मला नका सांगू, उद्या दुपारच्या आत माणिकप्पांना आणि अमीनसाहेबांना सांगा. आणि सांगून भागायचं नाही, दाखवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्याबरोबर त्या दोन्ही काचा एकावर एक ठेवून, खाली कागद लावून छपाईची चौकट अंगणात मांडली. एरवी ठेवतात त्यापेक्षा जास्त वेळ ठेवली, म्हणजे चेहरा चांगला सावळा उतरेल आणि त्यावर बोटांच्या रेघा पांढऱ्या उठतील. तशाच उठल्या. कागद धुतला, वाळतो न वाळतो तोच आम्ही निघालो. ती बोटं गौराक्कांचीच असणार असं मी धरून चालले होते, आणि वाटेत मनातल्या मनात माणिकप्पांना काय काय सुनवायचं ते जुळवत होते. लेकीचं नाव घेऊ देत नाही तो बाप, आणि भांडी घासणाऱ्या गरिबाला कोठडीत धाडतो. आज माझ्या तोंडाचा पट्टा सुटणार होता.

त्यांच्या ओसरीच्या पायरीवर म्हाळसाबाई बोचकं घेऊन बसलेली. शेजारी अयोध्या, भिंतीला टेकून, दोन्ही हात पोटावर. गाडी जुंपायला सांगितली होती. आत बैठकीत अमीनसाहेब कागद लिहीत होते आणि माणिकप्पा लोडाला न टेकता ताठ बसले होते. ह्यांनी आधी बोटांची काच अमीनसाहेबांना दिली. त्यांनी भिंग काढून अंगठा पाहिला, मग म्हाळसाबाईच्या दोन्ही अंगठ्यांचे कागदावरचे ठसे पाहिले. तिच्या दोन्ही अंगठ्यांना लोकर कातरताना लागलेल्या कातरीचे आडवे वण होते. ह्याच्यावर वण नव्हता. अमीनसाहेब म्हणाले, अंगठा हिचा दिसत नाही, पण मी कोण ठरवणार, हैदराबाद ठरवील. गाडी तर जाईलच.

मग मी पुढं झाले आणि तो कागद माणिकप्पांच्या समोर ठेवला.

माझी सगळी भाषणं तिथंच गिळली गेली. माणिकप्पांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी कुणाचा कधी पाहिला नाही. त्यांनी उजवा हात उचलला, तीन बोटं कागदापर्यंत नेली आणि मध्येच थांबवली, जणू आता हात लावायची परवानगी राहिली नाही.

"ही माझी हायेत, अमीनसाब," ते म्हणाले. "ती जिवंत होती तवा रोज म्याच लावत होतो. लिंगपूजा झाली की आदी तिच्या कपाळाला, मग माझ्या. ती गेली म्हणून बोटं कुठं ऐकत्यात."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. घर उठायच्या आधी ते बैठकीत येत, तसबिरीला विभूती लावत, नंतर ती वरवर फुंकून टाकत म्हणजे गौराक्काला दिसू नये. डबी काढून जरा वेळ हातात धरत. म्हणून तर डबी गेल्याचं सकाळीच कळलं. अमीनसाहेबांनी फिर्याद घेताना विचारलं होतं, कोनाड्यात बघायचं काय कारण? तेव्हा त्यांनी 'सहज' एवढंच सांगितलं होतं. नाव घ्यायला बंदी का केली, तर आपल्याला नाव ऐकवत नव्हतं. दुकानात कुणी संगम्मा म्हणालं तर तागडी हातातून पडेल अशी भीती. मला वाटलं होतं हा माणूस दगड आहे. लाज वाटली मला माझी.

अमीनसाहेबांनी लेखणी खाली ठेवली होती. त्यांनी अदबीनं त्या अंगठ्यावर बोट ठेवून विचारलं, मग हा कुणाचा? माणिकप्पांनी कागद उजेडाकडं धरला. अंगठा छातीवरच्या डबीवर टेकलेला. बाईचा, बारीक. घरात दुसरं माणूस होतंच कोण? त्यांनी कागद खाली ठेवला.

"हिचा हाय," ते म्हणाले. "गौराचा. डबी तिच्याकडंच असल. मला वाटलं होतं, ती इसरली."

फिर्याद मागं घेतो म्हणाले. अमीनसाहेब कायद्याचे पक्के. म्हणाले, माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मिळाला असं कसं लिहू? बाई आळंदहून येईपर्यंत म्हाळसाबाईला जामीन पाहिजे. तेव्हा माणिकप्पांनी स्वतः सही केली. फिर्यादीच आरोपीला जामीन राहिला, असं मुरुमच्या चौकीत ना आधी झालं ना नंतर. माणिकप्पा बाहेर पायरीपाशी आले आणि त्यांनी गाडीवाल्याला बैल सोडायला सांगितलं. म्हाळसाबाईनं बोचकं उचललं, लेकीला हात दिला आणि घरची वाट धरली.

गौराक्का त्यानंतर तिसऱ्या दिवशी आल्या. त्या दिवशी मी पहाटेपासून धनगरवाड्यातच होते, कारण अयोध्याला कळा लागल्या होत्या आणि म्हाळसाबाईनं बोलावणं धाडलं होतं. ऊन अंगणात आलं तेव्हा पोरगी झाली. चांगली ठणठणीत, आवाज अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल असा. मी पाणी टाकायला बाहेर आले तर गौराक्कांची गाडी घराकडं न वळता इकडंच येताना दिसली. वेशीतच कुणीतरी कानावर घातलं होतं. गाडी थांबायच्या आधी त्या उतरल्या. मागून माणिकप्पा पायी, भरभर, रुमाल कसातरी बांधलेला.

गौराक्कांनी अंगणात उभ्या राहूनच गळ्यातल्या दोऱ्यानं डबी पदराखालून वर ओढली आणि नवऱ्यापुढं धरली.

"म्याच नेली," त्या म्हणाल्या. "इचारलं न्हाई. काय बोलायचं ते मला बोला, म्हाळसाला नका."

माणिकप्पांनी डबी घेतली नाही. तेवढ्यात म्हाळसाबाई हात पुशीत बाहेर आली. तिच्या नखांच्या कडांना शाई अजून होतीच. माणिकप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. साठीला आलेला, गावात पहिल्या आसनावर बसणारा माणूस, धनगराच्या अंगणात उघड्या डोक्यानं उभा राहिला आणि म्हणाला, माझं चुकलं. म्हाळसाबाईनं ते ऐकून घेतलं. उगीच असू द्या, असू द्या केलं नाही. मला ते फार आवडलं. मग तीच बोलायला लागली.

"बाईसाबांनी डबी घेतल्याली म्या बघितली व्हती, मालक. निघायच्या दिवशी. केरसुणी घिऊन दारातच व्हते म्या."

माणिकप्पा थक्क झाले. गौराक्काही. मला तर वाटलं, हिला धरून गदागदा हलवावं.

"मग सांगितलं का न्हाईस?" माणिकप्पा म्हणाले. "धाराशिवच्या कोठडीत गेली असतीस. लेक अशी अवघडलेली."

"आठ दिसांची तर बात व्हती. बाईसाब आल्या की सांगतील, असं वाटलं. आन् तवाच सांगितलं असतं तर तुमी मानूस धाडून आळंदला त्यांच्या गळ्यातनं काढून आनली असती." ती जरा थांबली. "बाईसाब तसबिरीला म्हनत व्हत्या, चल गं बाई, मामाच्या लग्नाला जायचं. पोरगी आईसंगं लग्नाला गेल्याली, मालक. तिला अर्ध्या वाटंतनं माघारी कसं बलवायचं?"

एवढं बोलून ती आत गेली, कारण अयोध्या हाक मारत होती.

माणिकप्पा होते तिथंच खाली, मेंढरांच्या लेंड्यांच्या मातीत बसले. गौराक्का त्यांच्याजवळ बसल्या, डबी अजून मुठीत. हे दोघं रडतील असं मला वाटलं आणि मी तोंड फिरवून चुलीकडं निघाले. तेव्हा मागून माणिकप्पांचा आवाज ऐकू आला, अगदी बारीक, जपून पाऊल टाकावं तसा.

"गौरा, लग्नात संगूनं काय काय बघितलं?"

आणि गौराक्का सांगायला लागल्या. मांडव केवढा होता, नवरी कशी होती, पंगतीला काय काय होतं. माणिकप्पा मान हलवत ऐकत होते, मध्येच विचारत होते. पाणी उकळलं तरी मी ते उतरवायचं विसरून दाराआड उभी होते.